लघवीची डबी डीप फ्रीजरमध्ये ठेवू नका

तीन वर्षांपूर्वी १४ एप्रिलला जामच्या विहारात आम्ही आरोग्य शिबिर घेतले. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे, म्हणून जयंतीच्या दिवशी साखर आणि रक्तदाब तपासायचा हा आमच्या गटाचा जुना नेम. त्या वर्षी त्यात लघवीच्या तपासणीची भर घातली. सकाळी वंदना झाली, मिरवणुकीची तयारी सुरू झाली आणि विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही डब्यांवर नावे लिहीत बसलो.

आलेल्यांत सतरा वर्षांचा एक मुलगा होता. एसएस पॅटर्नचा सिकलसेल. पट्टी बुडवली तर रंग जेमतेम बदललेला, म्हणजे ज्याला आम्ही ‘ट्रेस’ म्हणतो तेवढाच. सिकलसेलच्या मुलात असा निकाल आला की पट्टीवर थांबायचे नसते, नमुना लॅबमध्ये पाठवून अल्ब्युमिन नेमके मोजून घ्यायचे असते. त्याच्यासह ज्यांचे नमुने पाठवण्यासारखे होते ते आम्ही बाजूला काढले. दुसऱ्या दिवशी लॅबमधून निरोप आला, तपासणीचे किट संपले आहे, नवे यायला वेळ लागेल, तोवर नमुने तुमच्याकडे नीट ठेवा.

आम्ही नीट ठेवले. म्हणजे आम्हाला तेव्हा जे नीट वाटले तसे. बाहेर वैशाखासारखे ऊन, पारा चाळिशीच्या वर. जितके थंड तितके चांगले असे आम्ही धरून चाललो आणि गटातल्या एकीच्या घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फ जमतो त्या खणात, सगळ्या डब्या घट्ट झाकणे लावून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवून दिल्या. तीन आठवडे त्या तिथे होत्या. मधल्या काळात दोनदा रात्रभर वीज गेली. डब्या वितळल्या, पुन्हा गोठल्या. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

तपासणी झाली. मुलाचा आकडा आला २२. तीसच्या खाली म्हणजे नॉर्मल. आम्ही त्याच्या आईला आनंदाने कागद दिला. दोन महिन्यांनी ती विहारात आली ती पोराला घेऊनच. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते म्हणाली. या वेळी आम्ही त्याची सकाळची पहिली लघवी घेतली, मोटारसायकलवर त्याच दिवशी लॅबमध्ये पोहोचवली आणि ताजीच तपासून घेतली. आकडा आला १४०.

“मग त्या पहिल्या कागदाचं काय करू जी, बाई?” आईने विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही.

या दोन आकड्यांमधला सगळा फरक फ्रीजरने पाडला असे आम्ही म्हणणार नाही. लघवीतले अल्ब्युमिन दिवसागणिक कमी-जास्त होते. ताप आला, खूप अंगमेहनत झाली, लघवीच्या मार्गात जंतू झाले तर ते वाढते. दोन महिन्यांत आजार पुढेही सरकला असेल. पण लॅबमधल्या तंत्रज्ञ भाऊंकडे जाऊन विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की त्या डब्या वितळल्यावर तळाशी पांढरट गाळ बसला होता, आणि तपासणीसाठी वरचे स्वच्छ पाणी घेतले गेले. नंतर त्यांनीच विचारले, “तुम्ही गोठवल्या कशाला?” तिथून आमचा हा अभ्यास सुरू झाला.

आधी अल्ब्युमिन म्हणजे काय ते पाहू. अंड्यातला पांढरा भाग उकळल्यावर घट्ट होतो, त्यातल्या मुख्य प्रथिनाचे नाव याच्याशी मिळतेजुळते, पण ते वेगळ्या कुळातले. आपल्या रक्तात अल्ब्युमिन भरपूर असते. मूत्रपिंडाची गाळणी चांगली असेल तर ते रक्तातच राहते, लघवीत नावापुरते उतरते. गाळणी झिजू लागली की आधी थोडे, मग जास्त झिरपते. यात दुखत नाही, खुपत नाही. रक्तातले क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाचे बरेच नुकसान होऊन गेलेले असते. लघवीतले अल्ब्युमिन मात्र वर्षानुवर्षे आधी खबर देते. लॅबमध्ये ते क्रिएटिनिनच्या तुलनेत मोजतात, त्याला एसीआर म्हणतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे, ३०० च्या वर म्हणजे गळती बरीच आहे. निदान पक्के करायला तीन महिन्यांच्या काळात तपासणी पुन्हा करायची असते. एका कागदावर कोणी घाबरू नये, आणि एका कागदावर कोणी निर्धास्तही होऊ नये.

आपल्या वस्त्यांत ही खबर वेळेवर मिळणे का गरजेचे आहे, हे आरोग्याच्या या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. साखर आणि रक्तदाब आता शेतमजुराच्या घरातही आहेत. शिवाय सिकलसेल. १९५८ साली, नागपूरच्या धर्मांतराला दोन वर्षे होत नाहीत तोच, शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले. त्यांनी नागपूर भागातल्या महार, कुणबी, तेली समाजांतल्या लोकांचे रक्त तपासले होते. म्हणजे ही खूण एका जातीची नाही. गोंड, प्रधान वस्त्यांतही ती आहे. मलेरियाच्या मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसांच्या रक्तात ती टिकली. तरीही ‘तुमच्या लोकांचा रोग’ म्हणून आजही ऐकावे लागते, आणि लग्न जुळवताना लपवालपवी होते. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

इथे मूत्रपिंडाचे पाहू. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार जास्त असतात. तांबड्या पेशीने विळ्यासारखा आकार घ्यावा यासाठी यापेक्षा सोयीची जागा शरीरात दुसरी नाही. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि लहान वयातच मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. म्हणून एसएसची मुले वारंवार लघवीला जातात, मोठी होईपर्यंत अंथरूण ओले करतात. आई त्यांना रागावते, शेजारी हसतात. खरे तर तो आजाराचा भाग असतो. पुढे गाळणीवर ताण येतो आणि अल्ब्युमिन गळू लागते. म्हणून अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१४ साली सांगितले की सिकलसेलच्या प्रत्येक मुलाची लघवी वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी तपासावी.

इथे पट्टीची अडचण होते. पट्टी एका थेंबातले प्रोटीन किती दाट आहे एवढेच सांगते. सिकलसेलच्या मुलाची लघवी पाण्यासारखी पातळ. त्यात अल्ब्युमिन गळत असले तरी विरळ पसरते आणि पट्टीचा रंग धड बदलत नाही. एसीआरमध्ये क्रिएटिनिनशी तुलना असल्यामुळे हा पातळपणा हिशेबातून निघून जातो. म्हणून सिकलसेलमध्ये एसीआर लागतेच. आणि त्यासाठी यंत्र लागते.

जाम हा नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा चौरस्ता. एक रस्ता वर्ध्याकडे फुटतो, एक चंद्रपूरकडे. दिवसरात्र ट्रक, एसटी, ढाबे. इथून कुठेही जाता येते, पण तपासणीसाठी जावे लागते ते हिंगणघाट, वर्धा, सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूरलाच. डबी घेऊन माणूस जातो, किंवा माणूस मजुरी बुडवू शकत नाही म्हणून नुसती डबी जाते. डबी एकटी निघाली की ती किती वेळ, कुठे आणि किती थंड ठेवली याला महत्त्व येते.

आमच्यासारख्या नर्सचे काम केलेल्या बाईला हे आधीच सुचायला हवे होते. लसीकरणात आम्ही उभी हयात शीतसाखळीच केली. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन पेट्या असतात. एक आयएलआर, जिच्यात २ ते ८ अंशांवर लसी राहतात. दुसरी डीप फ्रीजर, जिच्यात मुख्यतः बर्फाचे पॅक गोठवतात. काही लसी गोठल्या की वाया जातात, हे आम्ही प्रशिक्षणात घोकले. संशय आला तर शेक टेस्ट करतो. लसीची बाटली हलवून ठेवायची आणि पाहायचे, गोठून वितळलेल्या बाटलीत पांढरे कण पटकन खाली बसतात. इन्सुलिन तर प्रथिनच आहे. ते बर्फाच्या खणात ठेवू नका, गोठले तर फेकून द्या, असे आम्ही शेकडो घरी सांगितले. आणि लघवीच्या डब्या मात्र बिनदिक्कत त्याच खणात ठेवल्या! तळाशी गाळ दिसला तेव्हाही शेक टेस्ट आठवली नाही.

गोठल्यावर आत काय होते ते कुल्फीवाल्याला विचारा. जामच्या चौकात उन्हाळ्यात कुल्फीची गाडी उभी असते. मटक्यात नुसता बर्फ घातला तर कुल्फी जमत नाही, म्हणून तो बर्फात जाडे मीठ टाकतो. मिठाचे पाणी शून्याला गोठत नाही. ते खूप खाली जाते, पार उणे २१ अंशांपर्यंत, तेव्हा कुठे पूर्ण गोठते. लघवी म्हणजे मीठ, युरिया आणि इतर क्षारांचे पाणी. घरच्या फ्रीजचा बर्फाचा खण किंवा साधा डीप फ्रीजर असतो उणे १५ ते उणे २० च्या आसपास. म्हणजे डबी बाहेरून दगड झालेली दिसते, पण आत बर्फाच्या स्फटिकांच्या फटींमध्ये खारट, घट्ट पाण्याचे बारीक कप्पे ओलेच राहतात. शुद्ध पाणी बर्फ होऊन बाजूला जाते आणि उरलेले सगळे क्षार, युरिया, आम्ल आणि प्रथिने त्या कप्प्यांत दाटीवाटीने कोंडली जातात. तिथे प्रथिनांची घडी विस्कटते. ती एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, क्षारांच्या गाळाबरोबर तळाला जातात.

हे तीन आठवडे, तीन महिने, वर्षभर चालू राहते. वीज गेली की वितळते, आली की पुन्हा गोठते, आणि प्रत्येक फेरीत थोडे आणखी बिघडते. ज्या फ्रीजमध्ये बर्फ साचत नाही म्हणून आपण कौतुक करतो, तो फ्रीज अधूनमधून स्वतःच खण गरम करून बर्फ वितळवत असतो. नमुन्यासाठी तो त्याहून वाईट.

लॅबमध्ये अल्ब्युमिन मोजतात ते बहुतेक प्रतिपिंडांच्या मदतीने. प्रतिपिंड अल्ब्युमिनला त्याच्या आकारावरून ओळखते. आकार बिघडला किंवा गोळा होऊन ते तळाला गेले की ओळख पटत नाही आणि यंत्र कमी आकडा दाखवते. क्रिएटिनिन हा छोटा, साधा रेणू, त्याला गोठण्याने फारसे काही होत नाही. भाजक तसाच, भाज्य घटलेले, म्हणून एसीआर खोटाच कमी येतो. सगळ्यात मोठा फटका बसतो तो काठावरच्या माणसाला. ज्याचा खरा आकडा ८०० आहे त्याचा थोडा घटला तरी आजार लपत नाही. ज्याचा ४० किंवा ५० आहे तो तीसच्या खाली आला की त्याच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापले जाते. आणि औषधाने, पथ्याने सगळ्यात जास्त फायदा होतो तो याच काठावरच्या माणसाला.

हे आमचे अनुमान नाही. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगन नावाचे शहर आहे. तिथे १९९७-९८ मध्ये शहरातल्या हजारो लोकांची सकाळची लघवी जमा करून एक मोठा अभ्यास सुरू झाला. लघवीत थोडेसे अल्ब्युमिन असणाऱ्या माणसांचे पुढे हृदय आणि मूत्रपिंड कसे राहते, हे त्यांना पाहायचे होते. त्यातल्याच संशोधकांनी ताज्या नमुन्याचा आकडा आणि उणे २० अंशांवर बराच काळ ठेवलेल्या नमुन्याचा आकडा शेजारी ठेवून पाहिले. गोठवलेल्या नमुन्यांत अल्ब्युमिन खोटेच कमी येते, असे त्यांनी २००५ मध्ये ‘क्लिनिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात लिहिले. २००७ मध्ये त्यांनी पुढची गोष्ट मांडली. कोणाच्या जिवाला धोका आहे हे ताज्या नमुन्यावरून जितके नीट सांगता येते, तितके गोठवून ठेवलेल्या नमुन्यावरून येत नाही.

आम्हाला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही की घट सगळ्या डब्यांत सारखी नसते. एखाद्या डबीत काहीच फरक पडत नाही, शेजारच्या डबीत बराच पडतो. लघवी आंबट किती, खारट किती, दाट किती यावर ते ठरते. सारखी घट असती तर लॅबने हिशेब करून आकडा दुरुस्त केला असता. तसे करता येत नाही. कोणाचा आकडा खोटा आहे हे कागदावरून कळत नाही.

मग फार काळ ठेवायचेच असेल तर? उणे ७० किंवा उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. तिथे ते ओले कप्पे उरत नाहीत, सगळे थिजते, आणि अल्ब्युमिन वर्षानुवर्षे जवळपास होते तसे राहते. असा फ्रीजर कपाटाएवढा असतो, महाग असतो, वीज खातो, आणि वीज गेली तर जनरेटर लागतो. वैद्यकीय महाविद्यालयांत, संशोधन संस्थांत तो असतो. गावात त्याची गरजही नाही, कारण गावात नमुना वर्षभर ठेवायचाच नसतो.

गोठवलेला नमुना तपासायचाच असेल तर तो पूर्ण वितळू द्यावा, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, हलक्या हाताने नीट हलवावा, गाळ विरघळला का ते पाहावे आणि मगच घ्यावा. वरचे स्वच्छ पाणी घेऊन तळ फेकला तर फेकलेल्या भागात काय गेले ते कोण सांगणार?

सगळी प्रथिने सारखी नाजूक नसतात, हेही सांगितले पाहिजे. मूत्रपिंडाच्या नळ्यांना इजा झाली का ते पाहायला डॉक्टर कधी बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन नावाचे बारीक प्रथिन मोजायला सांगतात. ते इतके हळवे की लघवी आंबट असेल तर मूत्राशयात असतानाच तुटू लागते. त्यासाठी नमुना घेण्याचे नियम वेगळे असतात, ते लॅबकडूनच समजून घ्यावे. आणि गरोदर बाईची प्रोटीनची पट्टी उपकेंद्रात किंवा घरी ताज्या लघवीवरच होते, तिथे साठवणुकीचा प्रश्न येत नाही. त्या पट्टीला आळस करू नये एवढेच.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा. धुतलेल्या औषधाच्या बाटलीत नाही, लॅबच्या कोरड्या डबीत. डबीवर नावाबरोबर तारीख आणि वेळ. त्याच दिवशी लॅबला पोहोचली तर सगळ्यात उत्तम. नाही जमले तर फ्रीजच्या खालच्या भागात, जिथे आपण दूध-भाजी ठेवतो त्या थंडीत, म्हणजे २ ते ८ अंशांत. बर्फाच्या खणात नाही, आणि दारातही नाही, कारण दार दिवसातून पन्नास वेळा उघडते. या थंडीत अल्ब्युमिन आठवडाभर टिकते. एवढ्या दिवसांत जामहून कुठल्याही लॅबला डबी पोहोचते. कोणाच्या फ्रीजमध्ये लघवीची डबी ठेवायची यावर घरात वाद होतात, हे आम्ही पाहिले आहे. झाकणबंद डबी स्टीलच्या मोठ्या डब्यात घालून ठेवली की सासूबाईंचाही विरोध मावळतो.

मात्र जंतूंची तपासणी असेल, ज्याला कल्चर म्हणतात, तर आठवडा चालत नाही. तो नमुना दोन तासांत पोहोचावा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांच्या आत. विदर्भाच्या उन्हात डबी पिशवीत तशीच ठेवली तर जंतू तासातासाला वाढतात आणि नसलेला संसर्ग कागदावर येतो.

प्रवासासाठी थर्माकोलचा डबा. सरकारी लसीचा कॅरियर या कामाला वापरू नये. तो फक्त लसीसाठी असतो, आणि आयएलआरमध्येही लसीशिवाय काही ठेवायचे नसते. एखादी नर्स ओळखीने ठेवू देते म्हणाली तरी आपण नाही म्हणावे, तिची नोकरी आणि बाळांच्या लसी दोन्ही जपाव्या. बर्फाचा पॅक फ्रीजरमधून काढल्या काढल्या डबीला चिकटवू नये. तो थोडा वेळ बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मग ठेवावा, आणि मध्ये वर्तमानपत्राची घडी घालावी. लसीसाठी शिकलेली ही युक्ती लघवीलाही तशीच लागू पडते.

लॅबमध्ये दोन प्रश्न विचारायला लाजू नये. नमुना कोणत्या तारखेला तपासला? तोवर कुठे आणि किती अंशांवर ठेवला होता? चांगला तंत्रज्ञ या प्रश्नाने चिडत नाही. आमच्या गटातल्या बायका हे प्रश्न आता सरळ विचारतात. ‘या आणि स्वतः पाहा’ असे धम्मात सांगितले आहे, त्यात लॅबचा काउंटर वगळलेला नाही.

दुसरी गोष्ट संशोधनाची. आपल्या वस्त्यांतून रक्ताचे, लघवीचे नमुने अनेक वर्षे नेले जात आहेत. सिकलसेलमुळे तर जास्तच. संशोधन व्हायलाच हवे, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण अनेकदा सही कशावर घेतली ते सांगितले जात नाही आणि निकाल गावात परत येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत साठवलेल्या जैविक नमुन्यांसाठी वेगळे प्रकरण दिले आहे. नमुना कशासाठी घेतला, किती काळ ठेवणार, पुढे दुसऱ्या कामाला वापरणार का, हे देणाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगून संमती घ्यायची असते, आणि संमती मागे घेण्याचा अधिकारही असतो. आम्ही त्या यादीत आमचा एक प्रश्न घातला आहे. उणे किती? कोणी उणे २० म्हणाले आणि त्यातून काही वर्षांनी आमच्या मुलांच्या लघवीतले अल्ब्युमिन मोजणार असतील, तर त्या आकड्यांवरून आमच्या मूत्रपिंडांबद्दल निघालेला निष्कर्ष आम्ही का मानावा? चुकीच्या थंडीत ठेवलेल्या डब्यांवरून ‘या समाजात मूत्रपिंडाचा त्रास कमी दिसतो’ असे कोणी लिहिले, तर त्यावर योजना ठरतील, औषधांचा पुरवठा ठरेल.

त्या मुलाकडे परत येऊ. २२ आकड्याच्या कागदाने जे नुकसान केले ते असे. दोन महिने तो निर्धास्त होता. अंग दुखायला लागले की गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घ्यायचा, घरी त्याच्या गोळ्या खायचा. सिकलसेलच्या दुखण्यात मुले हेच करतात, आणि दुखणे असे असते की त्यांना दोष देववत नाही. पण गळत्या मूत्रपिंडाला ही औषधे मारक असतात. पहिल्याच कागदावर खरा आकडा असता तर आम्ही त्याला त्याच दिवशी थांबवले असते, दुखण्यासाठी डॉक्टरांकडून दुसरे औषध लिहून घेतले असते.

आता तो सेवाग्रामला दाखवतो. हायड्रॉक्सियुरिया चालू आहे. अल्ब्युमिनची गळती कमी करणारी रक्तदाबाची गोळी त्याला डॉक्टरांनी दिली आहे. ती गोळी ज्याने त्याने आपल्या मनाने सुरू करायची नसते, आणि गरोदरपणात तर मुळीच चालत नाही. पाणी भरपूर, उन्हात कापूस वेचायला जाणे बंद. डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते हे खरे, पण आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, वर जाणे-येणे. त्या रांगेत हा मुलगा उभा राहू नये यासाठीच ही धडपड.

त्याची आई पहिला कागद फेकायला निघाली होती. आम्ही तो फाइलमध्येच ठेवायला सांगितला आणि त्यावर पेनाने लिहिले, ‘नमुना तीन आठवडे गोठवलेला, ग्राह्य नाही’. दुसऱ्या कागदावर लिहिले, ‘ताजा नमुना’. त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर ती स्वतःच लॅबवाल्याकडून तारीख आणि वेळ लिहून घेते.

पुढचे शिबिर येत्या पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ ते अकरा, जामच्या विहारात. सिकलसेलची दहा वर्षांवरची सगळी मुले, आणि साखर किंवा रक्तदाब असलेले सगळे. डब्या आदल्या संध्याकाळी विहारातून न्याव्या. ज्यांची पाळी सुरू आहे किंवा ताप आहे त्यांनी नमुना पुढच्या आठवड्यात द्यावा. अकरा वाजता गाडी लॅबकडे निघेल.